कथिलाचे नाक



गॅसचा वास आला की घरातले लहान मूलसुद्धा ओरडते, 'आई, गॅस चालू राहिलाय!' खरे पाहता तो वास गॅसचा नसतोच. त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र दर्पाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ती दुर्गंधी आपली राखणदार आहे.

आता असा एक वायू डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आणायचा प्रयत्न करा, कारण तो दिसतच नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पेटला तर त्याची ज्योतही दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. हा वायू म्हणजे हायड्रोजन. त्याचा रेणू सर्वांत चिमुकला, त्यामुळे बारीकशा फटीतूनही तो निसटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असो, तो पेट घेऊ शकतो. कोरड्या हवेत स्वेटर काढताना उडते तेवढी ठिणगीही त्याला पुरते. मग त्यातही मरकॅप्टन का मिसळत नाहीत? त्यातले गंधक इंधनघटातल्या प्लॅटिनमला निकामी करते. शिवाय हायड्रोजन इतका हलका आणि चपळ, की तो पुढे निघून जातो आणि वास मागे राहतो.

ही चर्चा आज करायची, कारण हा वायू आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. तो जळला की धूर होत नाही, पाणी होते. म्हणून जगाची नजर त्याच्यावर आहे. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. पण १० जून २०१९ रोजी नॉर्वेत सांडविका येथील हायड्रोजन भरण्याच्या केंद्रावर स्फोट झाला. चौकशीत कारण निघाले ते एवढेच, की उच्च दाबाच्या टाकीच्या बुचाचे काही बोल्ट नीट आवळलेले नव्हते. माणसाचा हात असा कधीतरी चुकणारच. म्हणून गळती आधी ओळखणारे नाक हवे.

हे नाक बनते कथिलाचे. आमच्या मोहल्ल्यातले कल्हईवाले नवसागराची चिमूट टाकून तापलेल्या भांड्यावर कथील फिरवायचे, ते अन्न कळकू नये म्हणून. तेच कथील ऑक्सिजनशी संयोग पावले की त्याचे ऑक्साइड होते. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये त्यापासून वायू ओळखणाऱ्या संवेदकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. घरगुती गॅसचे स्फोट टाळावेत, हा त्यामागचा हेतू होता.

या संवेदकाचे काम समजायला सोपे आहे. ऑक्साइडचे कण दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवतात. हवेतला ऑक्सिजन त्या कणांना चिकटतो आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन अडवून धरतो. साहजिकच विजेची वाट अवघड होते. हायड्रोजन आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी होतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, वीज सुरळीत वाहू लागते आणि भोंगा वाजतो.

मग यात नॅनोचे काम काय? ऑक्सिजनचा परिणाम कणाच्या केवळ वरच्या थरात, सुमारे तीन नॅनोमीटर खोलीपर्यंत होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मोठ्या गावात वेशीवर काही घडले तर मधल्या आळीला पत्ता नसतो. चार घरांच्या वाडीत ते सगळ्यांना कळते. कणांचेही तसेच आहे. क्यूशू विद्यापीठातील नोबोरू यामाझोए आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की कथिलाच्या ऑक्साइडचे कण सहा नॅनोमीटरच्या आत आले की त्यांची संवेदनशीलता एकदम वाढते. त्यावर पॅलेडियमचे सूक्ष्म ठिपके पेरले, तर ते हायड्रोजनचे रेणू फोडून देतात आणि कमी उष्णतेतही काम भागते. टायटॅनियमच्या ऑक्साइडच्या नॅनोनलिका, जस्ताच्या ऑक्साइडच्या नॅनोतारा असेही प्रयोग झाले आहेत. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही धातूंच्या ऑक्साइडांच्या पातळ थरांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे.

पण नाक नुसते तिखट असून भागत नाही. स्वयंपाकघरातली वाफ, स्पिरिटचा वास, गाडीचा धूर, सगळ्यालाच ते शिंकू लागले तर काय होईल? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. दोन-चार वेळा खोटा भोंगा वाजला की कोणीतरी वैतागून बटण बंद करते, आणि खरा लांडगा नेमका त्यानंतर येतो. म्हणून संवेदकावर सिलिकाचा दाट थर देतात. ती जणू चाळणीच. चिमुकला हायड्रोजन आत जातो, थोराड रेणू बाहेर राहतात.

दुसरी अडचण दमटपणाची. हवेतले बाष्प कणांवरची जागा अडवते आणि नाक चोंदते. त्यातून हे बारीक कण सतत तापत राहिले तर एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि मिळवलेली संवेदनशीलता हळूहळू हरवते. प्रयोगशाळेच्या कोरड्या हवेत पहिल्या दिवशी काढलेला आकडा, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तिसऱ्या वर्षीही टिकतो का? सुधारणेची खरी कसोटी ही आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. स्वयंपाकाचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. हायड्रोजन हवेहून चौदा पट हलका, तो छताखाली जमतो. तेव्हा संवेदकही वरच लावायला हवा. भोंगा हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेल्यावर नव्हे, तर एक टक्क्याच्या आसपास असतानाच वाजायला हवा.

कवीने नॅनोकणांवर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. पण उद्या या टाक्यांशेजारी रात्रपाळीला जो पहारेकरी बसेल, जो कामगार पाना घेऊन बोल्ट आवळेल, तो बहुधा आपल्याच वस्तीतला असेल. त्याला हायड्रोजन दिसणार नाही, त्याचा वासही येणार नाही. त्याचा सगळा भरवसा त्या कथिलाच्या नाकावर. म्हणून कारखान्याचा खर्च मांडताना हे नाक यादीच्या शेवटी, उरलेल्या पैशांत बसवायची वस्तू ठरू नये. ते वेळोवेळी तपासले जावे, आणि भोंगा वाजला तर काय करायचे हे त्या पहारेकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलेले असावे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)