संस्था चालविण्याचे शिक्षण

(समाजकार्य विषयाच्या पदव्युत्तर वर्गात नव्याने प्रवेश घेतलेले विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक आणि परिसरातील पंचायतींचे व सेवाभावी संस्थांचे प्रतिनिधी यांच्यापुढे केलेले भाषण.)



या अभ्यासक्रमाला आपण का आलात, असे मी मघाशी काही जणांना विचारले. बहुतेकांनी सांगितले की, लोकांसाठी काही तरी करावयाचे आहे. एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, "मला संस्था चालवायची आहे." तिच्या आसपास बसलेल्यांना हसू आले. ते हसू मी समजू शकतो. संस्था चालविणे म्हणजे पावती पुस्तके, ठराव, लेखापरीक्षण आणि कचेऱ्यांतील हेलपाटे. त्यात सेवेचे समाधान ते कोठले, अशी आपली समजूत असते. आज मी त्या विद्यार्थिनीच्या बाजूने बोलणार आहे आणि तसे बोलण्याचा अधिकार मला एका अपयशाने मिळाला आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका लहानशा वसतिगृहाचा चिटणीस होतो. साठ मुले होती. संस्थापक गुरुजींचे निधन झाले, नवे कार्यकारी मंडळ निवडले गेले. सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्त मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. हे मला ठाऊक होते. मुलांचे प्रवेश, आजारपणे, पावसाळ्यापूर्वीची कौले शाकारणी यांच्या धांदलीत मी तो पुढच्या महिन्यावर ढकलीत गेलो. पुढे बँकेने परिशिष्ट एकचा उतारा मागितला, तेव्हा उघडकीस आले की मागच्या निवडणुकीचा बदलही कोणी नोंदविलेला नव्हता. दप्तरी विश्वस्त म्हणून ज्यांची नावे होती, त्यांतील तिघे हयात नव्हते. अनुदान खात्यात जमा होते. परंतु सही कोणाची चालावी हे ठरेना. वाण्याने चार महिने उधारीवर किराणा दिला. पाचव्या महिन्यात त्याने हात जोडले. आम्ही मुलांना काही दिवसांसाठी म्हणून घरी पाठविले. त्यांतील अकरा परत आली नाहीत. एक मुलगा त्या वर्षी दहावीला होता.

आमच्यापैकी कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. सर्वजण निःस्वार्थी होते, आणि मी तर वेतनही घेत नव्हतो. वेतन घेणारा, या कामाचे शिक्षण घेतलेला आणि ज्याला जाब विचारता येईल असा एक माणूस असता, तर ती अकरा मुले शाळेत राहिली असती असे मला आजही वाटते.

सार्वजनिक कामासाठी माणूस घडवावा लागतो, ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सभासदांनी अल्प परंतु निश्चित वेतनावर वीस वर्षे काम करण्याचे बंधन स्वीकारले होते. या सभासदांनी बाहेरून प्राप्ती करावी की नाही, या प्रश्नावर तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळक संस्थेबाहेर पडले. वरकरणी हा नियमावलीतील एका कलमाचा वाद. पण एवढी थोर माणसे ज्यावरून दुरावली, तो प्रश्न क्षुल्लक कसा म्हणावा? पुढे १९०५ साली नामदार गोखले यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्यांसाठी पाच वर्षांचे प्रशिक्षण ठेवले. देशसेवेची तळमळ असलेल्यालाही शिकावे लागते, हे त्यांनी गृहीत धरले होते.

विद्यापीठीय धर्तीवरचे शिक्षण त्यानंतर तीस वर्षांनी आले. मुंबईतील नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये काम करणारे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ साली समाजकार्याचे पहिले पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४४ मध्ये तिला हे नाव मिळाले आणि १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था या नंतरच्या. आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था १९७९ ची, डॉ. कुरियन यांनी ती सहकारी दूध संघांना जाणते व्यवस्थापक मिळावेत म्हणून उभारली आणि २०२५ च्या कायद्याने ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठात समाविष्ट झाली. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातही विकास या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते. प्रवेशपरीक्षांच्या पद्धती बदलत असतात. त्या ज्या त्या वर्षाच्या माहितीपत्रकात पाहाव्यात.

आपल्या अभ्यासक्रमात व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती अशा सहा पद्धती परंपरेने शिकविल्या जातात. माझा अनुभव असा की, विद्यार्थी पहिल्या तिहींवर मन लावतात, सामाजिक कृतीवर वाद घालतात आणि प्रशासनाची टिपणे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. क्षेत्रकार्याच्या दैनंदिनीत वस्तीतील भेटींची वर्णने पानेच्या पाने असतात. ज्या संस्थेत दोन वर्षे जावयाचे तिचा ताळेबंद मात्र कोणी पाहिलेला नसतो. (यात आम्हा शिकविणाऱ्यांचाही दोष आहे. प्रशासनाचा तास दुपारच्या जेवणानंतर ठेवण्याची प्रथा कोणी पाडली, कोण जाणे.)

वास्तविक हा विषय रुक्ष नाही. महाराष्ट्रात एखाद्या गावच्या सात जणांनी मिळून संस्था नोंदवावयाची म्हटली, तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा असे दोन्ही लागू होतात. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. गावोगावच्या कित्येक शाळांची मैदाने आणि वसतिगृहांच्या जागा या एका तरतुदीच्या आधाराने टिकल्या आहेत. विदेशी देणगी घ्यावयाची तर तिचा कायदा निराळा. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई झाली. मोठ्या संस्थेच्या आधाराने काम करणाऱ्या लहान संस्थांवर या मनाईचा काय परिणाम झाला असेल, याचा अभ्यास आपल्यापैकी कोणी प्रबंधासाठी घ्यावा.

दुसरा मोठा बदल कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारमानावरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. त्यामुळे शिकलेल्या माणसांसाठी नव्या जागा निर्माण झाल्या, हे खरे. प्रस्ताव लिहिणारा, अंदाजपत्रक मांडणारा, प्रगतीचा अहवाल देणारा माणूस आता सर्वांना हवा आहे. परंतु यांतील पुष्कळशा जागा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. देणगीदार शाळेच्या खोल्यांना पैसा देतो, लेखनिकाच्या पगाराला देत नाही. प्रशासनावर आम्ही एक रुपयाही खर्च करीत नाही, असे एखादी संस्था अभिमानाने सांगू लागली की मला आमचे वसतिगृह आठवते आणि मी तिचे दप्तर पाहावयास मागतो.

दप्तर नीट ठेवल्याने काय साधते, याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले, आणि त्याबरोबरच जन्म-मृत्यूच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटल्याचे त्या नोंदींवरून दाखविता आले आणि ते निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचे काम देशभर आशा कार्यकर्तींकडे आले. झोपडीत झालेले काम दिल्लीपर्यंत पोहोचले ते वहीतून. वही नसती तर ते एका तालुक्यातील चांगुलपणाची गोष्ट म्हणून राहिले असते.

आता आपल्या तयारीविषयी. ज्या संस्थेत क्षेत्रकार्यासाठी जाल, तेथील मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागून घ्या आणि त्यांतील प्रत्येक रकमेचा अर्थ हिशेबनिसाजवळ बसून समजावून घ्या. एका सर्वसाधारण सभेला हजर राहून तिचे इतिवृत्त मराठीत लिहा. कोण काय बोलले यापेक्षा काय ठरले आणि ते कोणी करावयाचे, हे त्यात स्पष्ट असावे. धर्मादाय कार्यालयात एक दिवस नुसते बसून या. तेथे येणाऱ्या माणसांच्या हातातील कागद पाहिलेत, तर संस्था कशा मोडतात हे पुस्तकापेक्षा लवकर कळेल. वाणिज्य शाखेतून आलेल्यांनी स्वतःला या वर्गात उपरे समजू नये. नोकरी स्वीकारताना वेतन, मुदत आणि अधिकार लेखी मागा. सेवेच्या क्षेत्रात पगाराचे बोलणे अशोभनीय मानण्याची रीत आहे. ती मोडल्याबद्दल कोणी नाक मुरडले तर मुरडू द्यावे. वेतन कमी असेल, हे मी लपवून ठेवीत नाही.

पंचायतींचे सदस्य आणि संस्थांचे पदाधिकारी येथे आहेत, त्यांनाही एक विनंती. हे विद्यार्थी आपल्याकडे येतील तेव्हा त्यांना केवळ सर्वेक्षणाचे तक्ते भरावयास किंवा स्वागतसमारंभात खुर्च्या मांडावयास लावू नका. त्यांना ग्रामसभेची कार्यवृत्ते दाखवा, खर्चाची प्रमाणके तपासू द्या. त्यांचे प्रश्न कधी कधी अडचणीचे असतील. आमच्या वसतिगृहात असा प्रश्न विचारणारा कोणी नव्हता.

ते वसतिगृह पुढे दोन वर्षांनी पुन्हा उभे राहिले आणि आज चालू आहे. त्या काळातील इतिवृत्ताच्या व कीर्दीच्या वह्यांच्या प्रती मी संस्थेच्या अनुमतीने आपल्या विभागाला देत आहे. मुलांची नावे त्यांतून काढून टाकली आहेत. प्रशासनाच्या पहिल्या काही तासांना त्या वापरता येतील. उशिरा दिलेल्या बदल अर्जाची प्रतही त्यांत आहे. चुका माझ्याच हस्ताक्षरात असल्याने त्या शोधताना कोणाचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.