सही करून सोडलेली सत्ता

राज्य मिळवणाऱ्यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. आज राज्य सोडून देणाऱ्या एका बाईविषयी बोलायचं आहे.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात लिम्मत नदीकाठी फ्राउम्युन्स्टर नावाचं चर्च आहे. शागाल या चित्रकाराच्या रंगीत काचा पाहायला प्रवासी तिथं गर्दी करतात. पूर्वी हा जोगिणींचा मठ होता. इ.स. ८५३ मध्ये लुडविग राजानं हा मठ आणि भोवतालच्या मोठ्या जमिनी आपली मुलगी हिल्डेगार्ड हिच्या हाती दिल्या. पुढे मठप्रमुख बाई शहराचीच धनीण झाली. बाजारावर तिचा हक्क, नाणी पाडण्याचा अधिकार तिचा. तेराव्या शतकात तर सम्राटानं तिला साम्राज्याच्या राजपदस्थांत मान दिला.

१३३६ नंतर कारागिरांच्या संघांनी नगरपरिषदेत शिरकाव केला आणि खरा कारभार हळूहळू तिकडे गेला. तरी कागदोपत्री धनीण तीच होती.

१४९६ मध्ये या पदावर आली कॅथरिना फॉन झिमर्न. वय अवघं अठरा. तिनं अठ्ठावीस वर्षं मठ सांभाळला. १५१९ पासून झ्विंग्ली हा धर्मसुधारक शहरात प्रवचनं देऊ लागला आणि वारं फिरलं. जुन्या धर्माचे बलदंड पाठीराखे आसपास होते. त्यांना हाक घालून ती भांडण पेटवू शकली असती. १५२४ च्या अखेरीस तिनं मठ, जमिनी, हक्क सारं नगरपरिषदेला लिहून दिलं. कारणही दस्तात नोंदवलं : शहरावर अशांतता आणि अरिष्ट येऊ नये. पुढच्याच वर्षी जर्मन मुलखात शेतकऱ्यांचा उठाव भडकला, कित्येक मठ लुटले गेले. हा मठ मात्र रक्त न सांडता शहराचा झाला.

कॅथरिनानं पुढं लग्न केलं. १५३१ च्या काप्पेलच्या लढाईत नवरा पडला. ती १५४७ मध्ये वारली. तिचं स्मारक त्या आवारात उभं राहायला २००४ साल उजाडलं.

तिच्या सहीनं शहर वाचलं, याचं मोल मोठंच. पण ज्या परिषदेच्या हाती तिनं किल्ल्या दिल्या, तिथं फक्त पुरुष बसत. आणि जिथं एकेकाळी बाईच्या अधिकारानं नाणी पडत, त्या देशात राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क बायकांना मिळाला तो १९७१ मध्ये. त्यागाचं कौतुक करताना, त्याची किंमत कुणी चुकवली, हेही विचारायला हवं.