ग्राहकांची वही संस्थेच्या हाती हवी
(कामगारांच्या लहान सहकारी संस्था चालविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आज माझ्याकडे विषय दिला आहे तो इंटरनेटवरून आपल्या मालाची कमी खर्चात प्रसिद्धी कशी करावी याचा. कामगार संघटनेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आज समोर बसलेल्यांत हातमागाचे विणकर आहेत, डबे पुरविणाऱ्या भगिनी आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत. मालक गेला तरी दलाल जात नाही, हा तुमचा सर्वांचा अनुभव आहे. विणकराला गिऱ्हाईक माहीत नसते आणि गिऱ्हाइकाला विणकर माहीत नसतो. या दोघांना ओळखणारा एकच माणूस मध्ये उभा असतो आणि भाव तोच ठरवितो. म्हणून प्रसिद्धीचा प्रश्न हा अखेर मजुरीचाच प्रश्न आहे.

जाहिरातीला पैसा नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली तेव्हा, १९५७-५८ च्या सुमारास, कॉम्रेड ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. या लोकांची खरी जाहिरात एकच होती : जेवून गेलेला माणूस दुसऱ्याला सांगत असे. आज तेच सांगणे फोनवरून होते. साधन बदलले, तत्त्व तेच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिली गोष्ट, संस्थेच्या नावाने वेगळे सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू करा. ते मोफत आहे. त्यात मालाची यादी फोटो व किमतीसह लावता येते, कामाच्या वेळा लिहिता येतात, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात. एकाच वेळी अनेकांना निरोप पाठविण्याची सोय आहे. पण ज्याने आपला नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो पोचतो. म्हणून प्रत्येक पावतीवर, प्रत्येक पिशवीवर नंबर छापा आणि ‘साठवून ठेवा’ अशी तोंडी विनंती करा. रोज निरोप पाठवू नका. नवा माल आला, सण जवळ आला, तेव्हाच पाठवा. नाहीतर लोक कंटाळून नंबर बंद करतात.

सिमकार्ड संस्थेचे हवे, हे मी मुद्दाम सांगतो. एका संस्थेत हा सगळा कारभार चिटणीसांच्या स्वतःच्या फोनवर चालत होता. चिटणीस संस्था सोडून गेले आणि सारी गिऱ्हाइके त्यांच्याबरोबर गेली. कोणावर आरोप करीत नाही. चूक व्यवस्थेची होती. नंबर, पासवर्ड आणि ग्राहकांची यादी ही संस्थेची मालमत्ता आहे. ती रजिस्टरात नोंदवा, दोन पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवा आणि पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदला.

दुसरी गोष्ट, गुगलच्या नकाशावर नाव. दुकान असेल, किंवा डबेवाल्या भगिनींप्रमाणे गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन सेवा देत असाल, तर ही नोंद फुकट होते. घरातून काम असेल तर पत्ता झाकून फक्त कोणत्या भागात सेवा देता ते दाखविता येते. ‘नोंद करून देतो, इतके पैसे भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळी अभिप्राय लिहायला सांगा. मात्र आपल्याच माणसांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नका. तक्रार आली तर तिला शांतपणे, जाहीर उत्तर द्या. वाचणारा माणूस तक्रारीपेक्षा उत्तर अधिक लक्ष देऊन वाचतो.

तिसरी गोष्ट, फोटो. महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, साध्या पांढऱ्या चादरीवर माल ठेवा. एक फोटो पूर्ण मालाचा, एक काठापदराचा जवळून, आणि एक मागावर बसलेल्या विणकराचा, त्याची परवानगी घेऊन. धोटा चालतानाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत इन्स्टाग्रामवर टाका. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून खपविणाऱ्यांना हे दाखविता येत नाही, तुम्हाला येते. खाली सूत कोणते, लांबी किती, विणायला किती दिवस लागले, किंमत किती, हे स्पष्ट लिहा. ‘किंमत विचारा’ असे लिहिले की निम्मे लोक विचारतच नाहीत. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या साथींनी मराठीबरोबर तिथल्या गिऱ्हाइकाच्या भाषेतही लिहावे.

पैसे देऊन जाहिरात करायची तर आधी हिशेब मांडा. समजा पाचशे रुपये खर्च केले आणि पाच ऑर्डरी आल्या, तर एका ऑर्डरीमागे शंभर रुपये पडले. मजुरी आणि कच्चा माल वजा जाता त्या ऑर्डरीत ऐंशीच उरत असतील तर वीस रुपये कोणाच्या खिशातून गेले? विणकराच्याच. हजारो ‘लाइक’ मिळवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. लाइकने सूत येत नाही.

मोठ्या ऑनलाइन बाजारांबद्दलही सावध राहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना ठरावीक उलाढालीपर्यंत, राज्यातल्या राज्यात, जीएसटी नोंदणीशिवाय त्यांच्यामार्फत माल विकता येतो. सवलत चांगली आहे. पण कमिशन, पाठवणी आणि परत आलेल्या मालाचा खर्च धरूनच किंमत ठरवा. शिवाय तिथे आलेले गिऱ्हाईक त्या बाजाराचे असते, तुमचे नसते. जुना दलाल गल्लीत होता, नवा पडद्यामागे बसला, एवढाच फरक पडायचा. म्हणून तिथे विका, पण सगळी मदार तिथे ठेवू नका.

फसवणुकीबद्दल एकच वाक्य घरोघरी पोचवा : पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. फसलातच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

शेवटी एक विनंती. आपली महासंघाची शाखा जिथे आहे तिथे आपले हजारो सभासद हेच पहिले गिऱ्हाईक आहेत. बँकेतल्या साथीला चादर हवी असते, रेल्वेतल्या साथीला डबा हवा असतो. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील कामगार संस्थांची यादी सभासदांच्या गटात पाठविली तर त्याला एक पैसाही लागणार नाही. संपात एकमेकांच्या पाठीशी उभे राहतो, तसे खरेदीतही राहू या. आणि किंमत ठरविताना सर्वांत आधी आपली मजुरी धरू या. ती सोडून केलेली स्वस्ताई ही आपल्याच पोरांच्या ताटातून काढलेली भाकरी असते.