मोटारीच्या झडपेचा पहारेकरी

खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढत असतांना मोटार मध्येंच हिसका देते, क्षणभर तिचा दम सुटतो, आणि मागून येणाऱ्या मालट्रकचा भोंगा कानाशीं वाजूं लागतो. पाय ॲक्सिलरेटरवर आहे, टांकींत पेट्रोल आहे. तरी इंजिन ओढीत नाहीं. अशा प्रसंगाचें मूळ कित्येकदां एका लहानशा भागांत असतें. त्याचें नांव थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

इंजिनांत हवा सोडणारी एक झडप असते. ती किती उघडली आहे हें मोटारीच्या संगणकाला कळविणें, एवढेंच ह्या सेन्सरचें काम. जुन्या धर्तीच्या सेन्सरची रचना रेडिओचा आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणासारखी असते. एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा स्पर्शक. तारा तीन : एकीतून ५ व्होल्ट दाब येतो, दुसरी अर्थची, तिसरीवरून उत्तर परत जातें. झडप मिटलेली असतां हें उत्तर सुमारें ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडली म्हणजे सुमारें ४.५ व्होल्ट. बटण झिजलें कीं रेडिओ खरखरतो. पट्टी झिजली कीं मोटार अडखळते.

संगणक हा दोष टिपून ठेवितो. पी ०१२२ म्हणजे उत्तर प्रमाणाहून कमी, पी ०१२३ म्हणजे अधिक. परंतु येथेंच घाई नडते. पारा चढला म्हणून वैद्य विषमज्वराचें निदान करीत नाहीं. तसा हा अंकही रोगाचें नांव सांगत नाहीं. ५ व्होल्टची तार तुटली तरी उत्तर कमीच येतें, आणि अर्थची तार तुटली तर तें अधिक येतें. दोन्ही प्रसंगीं सेन्सर निर्दोष असतो.

म्हणून प्रथम तारा तपासाव्या. किल्ली फिरवावी, इंजिन मात्र सुरू करूं नये. पहिल्या दोन तारांत ५ व्होल्ट न मिळाले, तर दोष सेन्सरच्या बाहेर आहे. मिळाले, तर झडप सावकाश उघडीत तिसऱ्या तारेचें उत्तर पाहावें. तें सलग वाढलें पाहिजे. मध्येंच कांटा खालीं कोसळला, तर पट्टी तेथें झिजली आहे. ह्या कामीं कांट्याचा जुना मीटर फार उपयोगी पडतो. क्षणिक घसरण आंकड्यांच्या मीटरवर निसटून जाते. शहरांतील रहदारींत झडप बहुतेक वेळ थोडीशीच उघडी असते; म्हणून झीजही बहुधा प्रारंभींच सांपडते. सेन्सरपाशीं उत्तर ठीक आणि संगणकाकडे मात्र चुकीचें, असें असेल तर तिसरी तार सदोष समजावी. नव्या मोटारींत झडप विजेच्या मोटरनें चालते आणि सेन्सर दुहेरी असतो. त्याचे आंकडे निराळे असतात, व त्या झडपेंत बोट कदापि घालूं नये.

मोजमाप न करितां नवा सेन्सर बसविला, तर पैसे जातात आणि तुटकी तार तशीच राहते. पुढच्या घाटांत हिसका पुन्हा बसतो, कदाचित् दुसऱ्या वाहनाला मागें टाकण्याच्या ऐन क्षणीं. तेव्हां भाग बदलण्यास संमति देण्यापूर्वीं गृहस्थानें मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा : तारा मोजल्या काय?