वाचन हा कुणाचा विषय?



माध्यमिक शाळेत गणिताला शिक्षक असतो, विज्ञानाला असतो, मराठीलाही असतो; वाचनाला मात्र वाली नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या 2023 च्या अहवालासाठी ग्रामीण भारतातल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे 25 टक्के जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता आला नाही. पायाभूत वाचनाचे 'निपुण भारत' अभियान तिसरीपर्यंतचे. शाळेत ग्रंथालय हवे असे सांगणारा 2009 चा शिक्षण हक्क कायदा आठवीला थांबतो. आपल्या महाराष्ट्राचा 1967 चा ग्रंथालय कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा. नववीत अडखळत वाचणारे मूल या तिन्हींच्या कक्षेबाहेर राहते. त्याची जबाबदारी शाळेच्या ग्रंथपालाने घ्यावी आणि त्यासाठी ग्रंथपालाला शिक्षक मानावे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हे भाषाशिक्षकाचे काम आहे. पण भाषाशिक्षक साऱ्या वर्गाला एकाच पाठ्यपुस्तकातून नेतो, आणि तेही ठरलेल्या वेळेत. प्रत्येक मुलाच्या हाती वेगळे पुस्तक देण्याची मुभा शाळेत फक्त आपल्या ग्रंथपालांना आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीचा गाभाही वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणे हाच आहे. कच्चे वाचणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला बालवाडीचे चित्रपुस्तक दिले तर त्याला चारचौघांत लाज वाटते. त्याला मजकूर सोपा हवा, पण विषय त्याच्या वयाचा हवा: खेळ, प्राणी, प्रवास, शोध. शिवाय कोण पुस्तक नेतच नाही आणि कोण न वाचता दुसऱ्या दिवशी परत करतो, हे देवघेवीच्या नोंदवहीत दिसते. तेवढी माहिती गुणपत्रकातून मिळत नाही.

दुसरा आक्षेप दहावीचा: अवांतर वाचनाला वेळ कुठे? पण इतिहासाची आणि विज्ञानाची प्रश्नपत्रिकाही वाचावीच लागते. तिथे अडखळणाऱ्याचे उत्तर येत असूनही निसटते. तिसरा मोबाइलचा. त्याच मोबाइलवर 1971 पासूनच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक मोफत वाचता येतात, हे मुलांना दाखवणारे कुणी हवे. चौथा आक्षेप मात्र खरा आहे: पद पटसंख्येला बांधलेले असल्याने लहान शाळांना ग्रंथपालच मिळत नाही. माध्यमिक शिक्षणावरील मुदलियार आयोगाने 1953 मध्येच शाळांतली जुनाट, अपुरी ग्रंथालये आणि ती उदासीनपणे सांभाळणारी माणसे यांवर बोट ठेवले होते. पद मागायलाच हवे. पण जिथे पद आहे तिथे पुस्तक हरवेल या धास्तीने कपाटे कुलपात राहत असतील आणि 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापुरतीच उघडत असतील, तर ती मागणी कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून माझे ग्रंथपालांना आवाहन आहे. येत्या जूनमध्ये वेळापत्रकात प्रत्येक तुकडीला ग्रंथालयाचा तास मागून घ्या आणि तो बदली तासासाठी सोडू नका. नववीच्या प्रत्येक मुलाचे वाचन पहिल्या महिन्यातच स्वतः ऐका, अडखळणाऱ्यांची यादी करा आणि वर्षअखेरीस त्यांची प्रगती मुख्याध्यापकांपुढे ठेवा. शिक्षकाच्या दर्जाची आपली मागणी त्या नोंदींच्या बळावर शासनाकडे नेऊ.