जीप चालू होईना तेव्हा

पावसाळ्यात रानवाटेवरची जुनी डिझेल जीप सकाळी चालू होत नसेल, तर आधी कान द्या. चावी फिरवल्यावर नुसतं ‘कट-कट’ वाजलं की संशय बॅटरीवर. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचलेली असते, खाचखळग्यांत क्लॅम्पही सैल होतो. आधी ऋण बाजूची वायर काढा, मग दुसरी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडं पुसा, ऋण वायर शेवटी जोडा. बऱ्याचदा काम इथेच भागतं. नाही भागलं तर व्होल्टेज मोजा; भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही? मग डिझेल पोचत नसेल. टाकी कोरडी पडली असेल तर लाइनमध्ये हवा धरते. टाकीत डिझेल भरून फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू किंचित सैल करा, हातपंप मारत राहा. आधी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा.

आणि गाडी ओढ्यात बंद पडली असेल, तर हात जोडून सांगतो, सेल्फ मारू नका. एअर फिल्टर चाचपून पाहा. ओला लागला तर सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. हवा दबते, पाणी दबत नाही. अशात सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढतच मेकॅनिककडे न्या.