वतन, वेतन आणि वाढे

नोकरीची गोष्ट निघाली की मनुष्य प्रथम पगार विचारतो आणि लागलीच पुसतो, 'वर काय मिळते?' या वरच्या प्राप्तीचा इतिहास आपल्या खेड्यांत फार जुना आहे.

प्रवराकाठचे कोल्हार घ्या, अथवा दुसरे कोणतेही गाव. पाटलास वतनाची जमीन आणि सणावारी पहिला मान. सुतार-लोहारांस खळ्यावरचे बलुते. महारांसही वतनाची जमीन व बलुते असे; परंतु त्यापायी शीव राखणे, टपाल पोचविणे, रात्री-अपरात्री अंमलदारांच्या हाकेस धावणे हे सारे त्यांच्या माथी आले. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी पक्की केली. मोबदला तुटपुंजा, काम मात्र अमर्याद! घरचा कर्ता हजर नसेल तर घरातील दुसऱ्या कोणी राबावे. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली.

दरम्यान कोल्हारशेजारी लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमाने सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० साली त्याचे धुराडे पेटले. देशात १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा, १९६५ साली बोनसचा व १९७२ साली उपदानाचा कायदा झाला. नोकरदाराची वरची प्राप्ती धन्याच्या मर्जीतून सुटून कायद्याच्या कागदावर आली.

पण त्याच कारखान्यांसाठी ऊस तोडणारा मजूर पाहा. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो, मजुरी टनावर. वरची प्राप्ती कोणती? उसाचे वाढे! त्यातले बैलांस घालावे, उरलेले विकून मीठ-मिरची आणावी. आजारपणात खाडा झाला तर मजुरी बुडते. पुष्कळदा दंडही कापला जातो.

वाढे घेण्यात कमीपणा नाही. परंतु ज्याच्या वाट्यास रजा नाही, म्हातारपणची शिल्लक नाही, त्याला वाढ्यांवर समाधान मान म्हणणे म्हणजे जुन्या बलुत्याचाच न्याय पुढे चालविणे होय. वतन गेले, त्यातला अन्याय फडातूनही जावयास हवा.